दुसऱ्या घंटेच्या आत

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांनी बाईंचं नाव ‘दुसरी घंटा’ ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. बोर्डावर दिवा लागला, घंटा वाजली, की बाकीच्या जणी आधी चहाचा घोट संपवायच्या, अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायच्या आणि मग कुठे हात पुढे करायच्या. बाईंच्या बोर्डावर मात्र दुसरी घंटा कधी कुणी ऐकलीच नाही. पहिली वाजते न वाजते तोच यांचं ‘नंबर सांगा’. त्यामुळे बाकीच्या उगाचच आळशी दिसायच्या. एखादी तोंडावर म्हणायची, “अगं, पलीकडच्याला निदान श्वास तरी घेऊ दे!” बाई हसून सोडून द्यायच्या. कुणीतरी तिकडे ताटकळतंय ही कल्पनाच त्यांना सहन व्हायची नाही. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, ते उगाच नाही.

एकदाच काय तो त्यांनी ओरडा खाल्ला. नोकरीत नव्या होत्या. दोन भावांचा कॉल जोडून दिला होता. भाऊ भांडलेले असावेत, कारण लाइन जुळली तरी दोघंही गप्प. नुसते श्वास ऐकू येत होते. बाईंना राहवेना. त्या मध्येच म्हणाल्या, “अहो बोला ना, ते ऐकतायत!” दोन्हीकडून फोन आपटले गेले. मागे उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे सगळ्या ऑपरेटरांवर देखरेख करणाऱ्या बाईंनी, सगळ्यांदेखत त्यांच्या कानावरचा हेडफोन काढून घेतला आणि म्हणाल्या, “जोडून दिलंस ना? मग आता तू तिथे नाहीस.”

पुढे यंत्रं आली, बोर्ड गेले, बाई निवृत्त झाल्या. मुलगा नोकरीनिमित्त लांबच्या शहरात गेला, तिथेच त्यानं लग्न केलं. घरात उरले बाई आणि त्यांचा नवरा. नवरा चष्म्याच्या काचा घासून देण्याचं काम करायचा. बोलणं कमी, पण जेवायला बसला की चमच्यानं पातेलं खरवडण्याचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा. भाताच्या बुडाला धरलेली तांबूस खरवड त्याला फार आवडायची. बाई मुद्दाम शेवटी आच थोडी वाढवायच्या. वर म्हणायच्या, “पातेल्याला भोक पडेल एक दिवस.” पातेलं अजून शाबूत आहे. नवरा गेला.

तो गेल्यावर घर कसं खायला उठतं, हे ज्याच्यावर वेळ आलीय त्याला सांगायला नको, आणि नसेल आली त्याला सांगून उपयोग नाही. बाई सकाळी उठायच्या, केर काढायच्या, भात-भाजी करायच्या, जेवायच्या आणि मग दिवस उरायचा. सबंध. खालच्या औषधांच्या दुकानदाराशी चार शब्द व्हायचे, तेही गोळ्या संपल्या तर. रविवारी मुलाचा फोन यायचा. तो पाण्याच्या हीटरची चौकशी करायचा, गुडघ्यांची करायचा. बापाचा विषय निघाला की मात्र त्याला दुसरं काहीतरी आठवायचं. त्याला दुःख नव्हतं असं नाही, जरा जास्तच होतं. पण बाईंचं काही त्यामुळे हलकं होत नव्हतं.

एकदा मुलगा आणि सून चार दिवस येऊन राहिले. पहिल्याच दिवशी सुनेनं फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली.

“आई, ही पंगत कुणाची बसलीय आत?”

फ्रिजमध्ये वाट्यांवर वाट्या होत्या. कालचा भात, परवाची भाजी, त्याच्या मागे अर्धा कापलेला कोबी, त्याच्या मागे आणखी एक अर्धा कोबी.

“राहतं कधीतरी थोडं,” बाई म्हणाल्या.

“थोडं? आई, इथे दुधाला जागा नाहीये.”

“एकट्या माणसाचा अंदाज चुकतो गं. कोबी काय अर्धा मिळतो दुकानात?”

मुलगा टेबलाशी बसला होता. तो पंख्याकडे बघायला लागला. सून मात्र खमकी. ती कॉम्प्युटरवर लोकांसाठी असले-तसले ग्रुप आणि पानं तयार करून द्यायचं काम करते. संध्याकाळी ती बाईंच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “एकट्यापुरतं रांधणारी माणसं घरोघर असतील. सगळ्यांचाच अर्धा कोबी उरत असेल. त्यांच्यासाठी एक ग्रुप काढू या का? तुम्ही चालवा.”

“मी? मला साधा फोटो पाठवता येत नाही.”

“एवढं एक्स्चेंज चालवलंत.”

“चालवलं कुठलं? बोर्डावर बसायचे मी.”

“मग इथेही बसा.”

नाव काय ठेवायचं यावर जरा खल झाला. सुनेनं विचारलं, एका माणसाच्या भाताला तांदूळ किती लागतात? “अर्धी वाटी. पोटभर होतो,” बाई म्हणाल्या. झालं, ग्रुपचं नाव ‘अर्धी वाटी’. सुनेनं फोनवर सगळं मांडून दिलं. कुणी काही लिहिलं की फोन टिंग करेल, कुणी लिहायला लागलं की त्याच्या नावाखाली तीन ठिपके हलतील, असं सगळं शिकवलं. बाईंनी ते एका दुपारात आत्मसात केलं. बोर्ड तो बोर्डच.

पाहुणे गेले त्या दिवशी दुपारी बाईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि पूर्ण वाटी मोजली. दोघांची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! अर्थात तेव्हा ब्रह्मज्ञान ऐकायला तरी कोण होतं?

कारण ग्रुपवर चिटपाखरू नव्हतं. सुनेनं ऑफिसातल्या मैत्रिणींना गळ घालून आत आणलं होतं, त्या आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहाव्यात तशा गप्प राहिल्या. बाई रोज सकाळी लिहायच्या, “नमस्कार. आज काय शिजवलंत?” आणि फोन समोर ठेवून बसायच्या. दुपारी कधीतरी टिंग व्हायचं. बाई झेप घालायच्या. सून ऑफिसातून लिहायची, “टोस्ट.” आता सुनेच्या टोस्टावर ग्रुप किती दिवस काढणार? मग बाई स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर द्यायच्या. मी आज भोपळ्याची भाजी केली, साल काढू नका, मऊ शिजतं. हे वाचलं कुणी? कुणीच नाही. रिकाम्या दालनात उभं राहून ‘बसा, बसा’ म्हणावं तसं त्यांचं त्यांनाच वाटायचं. ग्रुपचं चित्र त्यांनी बदललं. मग परत पहिलं लावलं. मुलगा म्हणाला, “आई, नसेल जमत तर सोडून दे, त्रास नको करून घेऊस.” त्याला काय कळणार? बाईंना काही गावभर नाव करायचं नव्हतं. दिवसातून एकदा कुणीतरी आपल्याशी बोलावं, एवढंच हवं होतं. ग्रुप बंद पडला तर पुन्हा ते घड्याळ आणि त्या. एवढाच काय तो सवाल होता, पण बाईंच्या दृष्टीनं तो जिवाचा होता.

आणि एके दिवशी बाई भांडी घासत असताना टिंग झालं. नाव होतं ‘अर्धा कोबी’.

“नमस्कार. अर्धा कोबी उरला आहे. काय करावे?”

बाईंनी साबणाच्या हातानंच फोन उचलला. बारीक चिरून कोशिंबीर करा, अंड्यात घालून परता, सूप करा, बटाट्याबरोबर शिजवा, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा म्हणजे आठवडा टिकतो, कापलेली बाजू वर ठेवू नका. सगळं लिहिलं. पहिली घंटा विरायच्या आत लिहिलं म्हणा ना.

पलीकडून आलं, “धन्यवाद.”

बाईंचा दिवस सोन्याचा झाला. त्या दोनदा खाली जाऊन आल्या, काही काम नसताना.

हळूहळू आणखी माणसं आली. ‘वरचा मजला’ नावाची एक मुलगी, पहिल्या नोकरीसाठी घर सोडून आलेली. ‘नाइट ड्यूटी’ नावाचा एक पहारेकरी. आणखीही काही. अंडं तव्याला का चिकटतं? पाव कडक झाला तर? एका बटाट्यासाठी कुकर लावावा का? प्रश्न आला की बाईंचं उत्तर आलंच, आणि तेही असं की त्यात घालायला किंवा काढायला काही उरू नये. लोक ‘धन्यवाद’ म्हणायचे आणि नाहीसे व्हायचे. गरज सरो, वैद्य मरो. सदस्य वाढत होते आणि गप्पा मात्र नावाला नव्हत्या. बाईंना कोडं पडलं. आपण कुठे कमी पडतोय? त्या आणखी लवकर उत्तरं द्यायला लागल्या, आणखी सविस्तर. अंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या दाराशी स्टुलावर ठेवायला लागल्या.

परत परत येणारा एकच होता, तो अर्धा कोबी. बाई त्यांना मनातल्या मनात कोबीराव म्हणायच्या. सकाळची आवराआवर झाली की त्यांचा एक प्रश्न यायचा. तिखट जास्त पडलं आहे. काय करावे? दूध नासले आहे असे वाटते. कसे ओळखावे? लिहिणं असं, जणू वरच्या साहेबाला अर्ज करतायत. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. पण माणूस एकटा आहे आणि वयस्कर आहे, स्वयंपाकघरात पहिल्यांदाच शिरलाय, हे ओळखायला ऑपरेटर असावं लागत नाही. त्यांचं ते रोजचं ‘धन्यवाद’ वाचून बाई मग जेवायला बसायच्या.

एका रविवारी सून फोनवर म्हणाली, “आई, मी वाचते हं सगळं. एक सांगू का? जरा थांबून उत्तर देत जा.”

“थांबून म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कुणालातरी देऊ द्या.”

“दुसरं आहे कोण तिथे? तुझा टोस्ट?”

सून हसली, पण बाई हसत नव्हत्या. “माणूस प्रश्न विचारून बसलाय, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करू? फोन वाजत ठेवू?”

“ठेवा थोडा वाजत,” सून म्हणाली.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर जी एक गोष्ट नेटानं केली, तीच चुकीची म्हणतेय ही कालची पोर! “त्याला दे फोन,” त्या म्हणाल्या. मुलानं हीटर चालतोय का विचारलं. पुढच्या रविवारी बाईंनी डोकं दुखतंय असं सांगून लवकर फोन ठेवला.

मग ती गोष्ट घडली. दुपारी वरच्या मजल्यानं लिहिलं, “मला ताप आहे. एकटीच आहे. उभं राहवत नाहीये. काय खाऊ?” बाईंनी चष्मा लावला, तेवढ्यात त्यांना दिसलं की अर्धा कोबी या नावाखाली तीन ठिपके हलतायत. कोबीराव काहीतरी लिहीत होते. स्वतःहून, पहिल्यांदाच. बाईंनी ते पाहिलं, आणि तरीही त्यांची बोटं चालूच राहिली. आजारी पोरीला ताटकळत ठेवायचं का? भाताची पेज कर, मीठ घाल, पाणी उशाशी ठेव, पावाचे तुकडे दुधात भिजव, डॉक्टरला फोन कर. पाठवून दिलं. ठिपके थांबले. पुन्हा हलले. पुन्हा थांबले आणि गेले.

“धन्यवाद,” वरचा मजला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आवराआवर झाली, टिंग झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंना आधी वाटलं कोबीराव आजारी असतील, मग वाटलं आपला फोन बिघडला. त्या खाली औषधवाल्याकडे गेल्या. “जरा माझा नंबर लावून बघता का? फोन वाजत नाहीये बहुतेक.”

औषधवाल्यानं नंबर लावला. बाईंच्या हातातला फोन खणखणीत वाजला.

“फोन उत्तम आहे, आजी,” तो म्हणाला. “कुणी केला नसेल.”

तो काही वाईट माणूस नाही. गिऱ्हाईक उभं होतं, घाईत बोलून गेला. बाईंनी हसून मान हलवली आणि जिना चढायला लागल्या, तर मधल्या वळणावर त्यांना बसावं लागलं. गुडघ्यांमुळे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तिथेच पायरीवर बसून त्यांनी ग्रुप उघडला आणि अगदी पहिल्यापासून वाचत आल्या. प्रश्न, बाई, धन्यवाद. प्रश्न, बाई, धन्यवाद. दवाखान्याची रांग असावी तसं. या आजाऱ्याला त्या आजाऱ्याचं तोंडसुद्धा दिसलेलं नाही. आणि मग त्यांना ते ठिपके आठवले. त्या दिवशीचेच नव्हेत, त्याच्या आधीचेही. किती वेळा तरी हललेले, कधी नाइट ड्यूटीच्या नावाखाली, कधी आणखी कुणाच्या. दर वेळी बाईंनी त्यांच्या आधी गाठलं होतं, आणि दर वेळी ते विझले होते. माणसं तोंड उघडत होती आणि बाई मध्ये बोलत होत्या.

जिन्यातल्या पायरीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईला ते दोन भाऊ आठवले. अहो बोला ना, ते ऐकतायत. आणि हेडफोन काढून घेणारा तो हात. जोडून दिलंस ना? मग आता तू तिथे नाहीस. आयुष्यभर हजारो लोकांना जोडून दिलं आणि निमूट लाइन सोडली. आता म्हातारपणी एक लाइन हातात आली, तर सोडवेना. कशी सोडवणार? सोडली की घरात कोण होतं? बाईंना स्वतःचा राग आला, आणि रागाच्या पोटात जे होतं त्याचं तर रडूच आलं.

रविवार नव्हता, तरी त्यांनी घरात येऊन सुनेला फोन लावला. “ठेवते गं थोडा वाजत,” एवढंच म्हणाल्या. सून मीटिंगमध्ये होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, “आई, जेवलात का?”

परीक्षा लगेचच आली, आणि तीही अशी की देवानं वैर साधावं. ‘दोन खुर्च्या’ नावाची एक नवी बाई आली आणि तिनं लिहिलं, “आम्ही दोघी बहिणी एकत्र राहायचो. ती गेली. अजून माझा हात फडताळातून दोन ताटं काढतो. तुम्ही काय करता?”

बाईंनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. दुनियेतल्या सगळ्या प्रश्नांपैकी हाच! कोबीचा नाही, पावाचा नाही. यावर बाईंकडे उत्तर नव्हतं, पण बोलायला इतकं होतं की रात्रीपर्यंत लिहीत बसल्या असत्या. अंगठा फोनवर गेला. वर आला. परत गेला. शेवटी त्यांनी लिहिलं ते एवढंच: “अर्धा कोबी, तुमच्यासाठी कॉल आहे. बोला.”

आणि त्यांनी फोन पालथा घालून त्याच्यावर एक भांडं उपडं ठेवलं, पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर पडल्या. बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसल्या. बस येत होत्या, जात होत्या. एका बसवाल्यानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, त्यांनी हातानं ‘जा’ म्हटलं. जीव घरी त्या भांड्याखाली होता. कोबीराव आलेच नाहीत तर? ती बिचारी तशीच ताटकळत राहील. पहिल्यांदाच आयुष्यात बाईंनी कुणाला तरी ताटकळत ठेवलं होतं. त्या बाकावर बसून राहिल्या.

परत येऊन भांडं उचललं, तर फोन कोमट झाला होता.

अर्धा कोबी यांनी लिहिलं होतं, “मी आधी दुसरे ताट मांडत असे आणि न वापरता धूत असे. एकदा त्यात कोबीची वरची पाने काढून टाकली. मग बराच वेळ रडलो. त्यानंतर ते ताट निवडण्या-चिरण्यासाठी घेतो. रोज हातात असते. बरे वाटते.” त्याखाली दोन खुर्च्यांनी काही लिहिलं होतं. त्याखाली नाइट ड्यूटी: “मी तर ताटच घेत नाही. उभ्यानंच खातो.” वरचा मजला म्हणाली, “असं नका करू, बसून जेवा.” मग कोबीरावांनी वरच्या मजल्याला विचारलं होतं, “तुमचा ताप उतरला का? त्या दिवशी लिहीत होतो, तेवढ्यात बाईंनी सर्व सांगून टाकले. मग राहिले.” आणि ती म्हणाली होती, “उतरला. लिहायला हवं होतंत. बरं वाटलं असतं.”

बाईंनी ते सगळं दोनदा वाचलं. एकानंही ‘बाई कुठे गेल्या’ म्हणून विचारलं नव्हतं.

ग्रुप लागला चालू. दिवसभर टिंग टिंग. नाइट ड्यूटी बसून जेवल्याचा फोटो टाकायचा, त्यात नुसते गुडघे आणि ताट. वरचा मजला आणि दोन खुर्च्यांचं तर गूळपीठच जमलं. बाई फक्त जोडून द्यायच्या. हे त्यांना विचारा, त्यांनी केलंय. बोला. आणि सुटायच्या. सून आनंदानं म्हणाली, “आई, बघा, उभा राहिला ना ग्रुप!” बाई म्हणाल्या, “राहिला गं.” आणि खोटं नव्हतं ते, त्यांना मनापासून आनंद झाला होता. पण आधी घरात नुसती शांतता होती, आता जणू भिंतीपलीकडून हसण्या-बोलण्याचा आवाज यायला लागला होता. यांतलं सोसायला अवघड काय, ते ज्याचं त्यानं ठरवावं. फोन वाजायचा आणि तो बाईंसाठी नसायचा. एक्स्चेंजमध्ये तरी वेगळं काय होतं? पण तिथून घरी आलं की पातेलं खरवडणारं कुणीतरी होतं.

एका दुपारी बाईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला, नेहमीसारखी पूर्ण वाटी भरली, आणि भरलेली वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग वाटी ओट्यावर ठेवली आणि फोन घेतला. या ग्रुपवर त्यांनी आजवर रोजचा तो एक ‘काय शिजवलंत’ सोडला तर कुणालाच काही विचारलेलं नव्हतं. मनातलं तर नाहीच.

“मी ग्रुपवाली बाई. मी अजून रोज दोघांचा भात करते. काय करू?”

पाठवून दिलं आणि त्यांचे कान लाल झाले. ‘अर्धी वाटी’ चालवणारी पूर्ण वाटी रांधते! काय म्हणतील लोक? पुसून टाकावं. अंगठा त्या शब्दांवर गेलाही. कुणीच काही लिहीत नव्हतं. एरवी सगळे कलकलाट करतात, आणि आता कसे गप्प! कुणाच्याही नावाखाली काही हलत नव्हतं. तारेच्या या टोकाला बसून वाट पाहणं म्हणजे काय, ते बाईंना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. फार लांब असतं ते टोक.

मग कोबीरावांचे ठिपके हलले. थांबले. हलले.

टिंग. “दुसरे कोण होते?”

टिंग. “त्यांना जेवणात काय आवडायचे?”

नवरा गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगा पंख्याकडे बघायचा. सून जपून वागायची, सासूला रडू येईल म्हणून. औषधवाला, शेजारी, भेटायला आलेले सगळे, कसे गेले, काय झालं होतं, शेवटी त्रास झाला का, असलंच विचारून गेले होते. त्याला काय आवडायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. बाईंना अक्षरं दिसेनात. चष्मा पुसला, तरी दिसेनात.

टिंग. “बाई, लाइनवर आहात ना?”

दुसरी घंटा होऊन गेली होती, तिसरी झाली. पलीकडे एक माणूस ताटकळत होता, आणि बाईंचा हात उचलत नव्हता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, ओट्यावरची वाटी जरा बाजूला सारली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं:

“माझा नवरा. त्याला भाताच्या बुडाची खरवड आवडायची. अर्ध्या वाटीत खरवड धरत नाही, सगळा भातच करपतो. म्हणून पूर्ण वाटी घेते. मला खरवड आवडत नाही. रोज उरते.”

पलीकडे ठिपके हलू लागले. बाई ओट्याला टेकून थांबल्या.